जाळी

कोंडेले चौकात, बोडाबोडावाल्यांच्या घोळक्यामागे
माझं टायपिंगचं दुकान.
दोन संगणक, एक प्रिंटर
आणि एक पंखा, जो विजेपेक्षा सवयीनेच फिरतो.
पानाला दहा शिलिंग, रंगीत हवं तर तीस.
अर्ज, भाडेकरार, मयताच्या पत्रिका,
आणि युनिव्हर्सिटीचे निकाल लागले की
महिनाभर नुसते बायोडेटा.

ओमोलो आला. शर्टाला कडक इस्त्री,
चपलेचा अंगठा तांब्याच्या तारेने शिवलेला.
मेकॅनिकल इंजिनियर, अकरा दिवसांपूर्वी झालेला.
पेनड्राइव्हमध्ये तीन पानं.
तीन पानं! चोवीस वर्षांच्या आयुष्याला!

वर उद्दिष्ट: ‘एका नामांकित संस्थेत
माझ्या कौशल्यांचा पुरेपूर...’
हे वाक्य माझी बोटं झोपेतही पूर्ण करतात.
कष्टाळू. प्रामाणिक. दबावाखाली शांत.
सकाळपासून असे सात जण येऊन गेले होते,
सातही जण दबावाखाली शांत,
आणि वीज गेली तेव्हा
सातांनीही माझं दुकान डोक्यावर घेतलं.
मी म्हटलं, लेकरा,
मीठ खारट आहे असं पुडीवर लिहितात का कोणी?

दुसऱ्या पानावर धर्म, चर्चचं नाव,
चौथीतलं उंच उडीचं बक्षीस,
आणि सोळा सॉफ्टवेअर.
‘यातली उघडलीस किती?’
तो प्रिंटरकडे बघत म्हणाला, ‘चार.’
‘मग चारच राहू देत.
उरलेली बारा मुलाखतीत तुझ्याविरुद्ध साक्ष देतील.’

खोडत खोडत पान ओस पडलं.
सामान हलवल्यावर भिंतीवरचे डाग दिसावेत
तसा तो ओशाळला.

तेव्हा मला दिसली त्याची तर्जनी,
पेरावर आडवा पांढरा वण.
‘हे काय?’
‘काही नाही. डुंगाला आई मासे विकते.
तलावातून पाणी ओढणारा पंप
जलपर्णीने गुदमरायचा, दिवसातून चारदा.
मी सायकलच्या स्पोकची जाळी केली तोंडाला.
पहिली तुटली. दुसरी वाहून गेली.
तिसरीने बोट कापलं.’
‘आणि चौथी?’
‘चौथी आहे अजून.
आता आठवड्यातून एकदाच बंद पडतो.
पण ती काही नोकरी नव्हती.
पगार नाही, शिक्का नाही, कागद नाही.’

मी खुर्ची पुढे ओढली.
किती स्पोक? एकशे दहा.
खर्च? नऊशे शिलिंग, तेही उधार.
किती बायका मासे धुतात त्या पाण्यात? एकतीस.
तुटलेल्या जाळ्याही मी लिहायला घेतल्या,
त्याने हात धरला.
मग तिन्ही बसवल्या दोन शब्दांत:
‘चौथ्या प्रयत्नात.’

बाकी सगळं त्याखाली. पदवी, चार सॉफ्टवेअर,
आणि फोन नंबर. तो मी तीनदा वाचून घेतला.
गेल्या वर्षी एका पोराच्या नंबरात
माझ्याकडून नवाचा सहा झाला होता.
त्याला कोणी फोन लावला होता का,
हे मला आता कधीच कळणार नाही.

शेवटी, चौकशीसाठी दोन नावं.
एक त्याच्या प्राध्यापकांचं,
ज्यांना तो चेहऱ्यानेही आठवणार नाही.
‘दुसरं त्या बायकांच्या प्रमुखीचं घाल.’
‘मामा न्यारालेगो? ती फोनवर ओरडते!’
‘ओरडू दे.’

एकच पान निघालं, भाकरीसारखं गरम.
दहा शिलिंग घेतले मी. दुकान आहे, चर्च नव्हे.

पुढचं मला बाजारात कळलं.
नैरोबीच्या कुठल्याशा कंपनीतली बाई
मामाला अदबीने विचारत होती,
उमेदवाराच्या कार्यक्षमतेविषयी
आपलं मत काय?
शेजारी घरघर, हातात खवल्यांचा सुरा,
फोन खांद्यात दाबून
मामा ओरडली म्हणे:
‘ऐकू येत नाही गं! पंप चालू आहे!’